पेन्सिलीने केलेली सही



बचत गटाच्या रजिस्टरात पहिल्यांदा सही केली तो दिवस तुमच्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. त्याआधी अंगठा होता. निळ्या शाईच्या डबीत बुडवायचा, कागदावर टेकवायचा आणि पदराला पुसायचा. मग कुणी तरी आपलं नाव लिहून दिलं, आपण ते वहीच्या पानांवर गिरवलं, आणि एके दिवशी बँकेतल्या साहेबांसमोर हात थरथरत का होईना, सही झाली. त्या दिवशी घरी येताना चाल जरा वेगळी होती. आपलं नाव आपल्या हाताने लिहिणं म्हणजे काय, हे अंगठा सोडून सहीवर आलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

आज मी सहीबद्दलच बोलणार आहे. पण ही सही रजिस्टरातली नाही, एका चित्राखालची आहे. चित्र अमेरिकेतलं आहे आणि ते काढणारी बाईही तिथलीच. तिचं नाव फेथ रिंगगोल्ड. चित्राचं नाव मराठीत सांगायचं तर ‘आर्ल गावातली सूर्यफुलांची गोधडी-बैठक’. १९९६ साली हे चित्र कागदावर छापलं गेलं. त्याच्या ठरावीक प्रतीच काढल्या, आणि प्रत्येक प्रतीवर फेथबाईंनी सही केली. अशा चित्राला मर्यादित आवृत्तीचं, सही केलेलं छापचित्र म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, छापलेलं चित्र म्हणजे कॅलेंडरवर असतं तसंच ना? मग त्यावर सही कशाला, आणि प्रती मोजायच्या कशाला? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर देण्याआधी ही बाई कोण ते सांगते, कारण तिची हकीकत कळली की सहीचं मोल आपोआप कळतं.

फेथ रिंगगोल्ड यांचा जन्म १९३० साली न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम या वस्तीत झाला. ही काळ्या लोकांची वस्ती. वडील नगरपालिकेच्या कचरागाडीवर ड्रायव्हर. आई विली पोझी शिवणकाम करायची. पुढे ती स्वतः कपड्यांचे नमुने तयार करून विकू लागली आणि त्या वस्तीत तिचं नाव झालं. लहानपणी फेथला दमा होता. शाळा बुडायची, अंथरुणात पडून राहावं लागायचं. आई तिला रंगीत खडू द्यायची, कापडाचे तुकडे द्यायची. हातात सुई आणि खडू एकदमच आले म्हणा ना.

मोठेपणी तिला चित्रकला शिकायची होती. पण तिच्या कॉलेजात तो अभ्यासक्रम मुलींना मिळत नसे. शिक्षिका होण्यासाठी चित्रकला शिकली तर चालेल, असं उत्तर मिळालं. तिने तेच केलं, पदवी घेतली, न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत बरीच वर्षं चित्रकला शिकवली, दोन मुली वाढवल्या आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. १९७० साली न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या कलासंग्रहालयाच्या प्रदर्शनात बायकांची कामं अगदीच थोडी असायची म्हणून ती आणि तिच्या मैत्रिणी तिथे जाऊन शिट्ट्या वाजवत उभ्या राहिल्या. मागणी साधी होती: निम्म्या जागा बायकांना द्या. निम्म्या जागांचं महत्त्व ग्रामपंचायतीत बसलेल्या आपल्या बायांना चांगलं माहीत आहे.

आता गोधडीकडे येते. १९७२ साली फेथबाई युरोपात फिरायला गेल्या होत्या. ॲमस्टरडॅम शहराच्या संग्रहालयात त्यांनी तिबेटमधली जुनी धार्मिक चित्रं पाहिली. कापडावर रंगवलेली, चारी बाजूंनी रेशमी काठ शिवलेली, गुंडाळून ठेवता येणारी ही चित्रं. त्यांना थांगका म्हणतात. फेथबाईंच्या मनात आलं, आपल्या चित्रांना लाकडी चौकट कशाला हवी? कापडाचा काठ शिवला तर चित्र गुंडाळून काखेत मारता येईल, कुठेही पाठवता येईल. घरी येऊन त्यांनी चित्रं रंगवली आणि काठ शिवायला बसली त्यांची आई.

मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली १९८० साली. तिचं नाव ‘हार्लेमचे पडसाद’. तिच्यावर वस्तीतल्या माणसांचे तीस चेहरे आहेत. पुढच्याच वर्षी आई गेली. त्यानंतर फेथबाई एकट्या गोधड्या करू लागल्या आणि १९८३ पासून त्यांनी गोधडीवर गोष्टी लिहायला सुरुवात केली. मध्ये रंगवलेलं चित्र, कडेला कापडाच्या ठिगळांचा काठ, आणि कापडाच्या पट्ट्यांवर हाताने लिहिलेली गोष्ट. असं का? कारण त्यांनी आपली जीवनकथा लिहिली होती आणि ती छापायला कोणी तयार नव्हतं. प्रकाशक छापत नाही ना, मग मी गोधडीवर लिहीन. गोधडी भिंतीवर लागली की गोष्ट लोक वाचणारच. तेच झालं. ते पुस्तक शेवटी १९९५ साली निघालं, पण तोपर्यंत गोधड्यांवरच्या गोष्टी लोकांनी वाचल्या होत्या.

रंग, कॅनव्हास, कापड, टाके, अक्षरं अशा अनेक वस्तू एकाच कामात वापरणाऱ्या कलावंताला मिश्र माध्यमाचा कलावंत म्हणतात. शब्द मोठा वाटतो. पण जुन्या लुगड्याचा काठ, धोतराचं अस्तर आणि झबल्याचं ठिगळ एकत्र करून वाकळ शिवणाऱ्या बाईला त्यात नवीन काही वाटायचं नाही.

या सगळ्यामागे एक जुनं दुःखही आहे. अमेरिकेत १८६५ पर्यंत गुलामगिरी होती. फेथबाईंची खापरपणजी, सूझी शॅनन, जन्माने गुलाम होती. मालकाच्या घरासाठी तिला गोधड्या शिवाव्या लागत. तिच्यासारख्या कितीतरी बायांनी शिवलेल्या गोधड्या मालकांच्या पलंगांवर गेल्या. त्यातल्या काही आज संग्रहालयांत आहेत. पण ‘कोणी शिवली’ या रकान्यात बहुतेक वेळा नाव नसतं. काम टिकलं आणि हात पुसले गेले. फेथबाईंना हे शिवणकाम खापरपणजीपासून पणजी, आजी, आई असं हातोहात मिळालं. म्हणून त्यांची सही नुसती मोठ्या चित्रकाराची सही नाही. ज्या घराण्यात चार पिढ्या बायांनी गोधड्या शिवल्या, त्या घराण्यातली ती गोधडीवरची सही आहे.

आता चित्र पाहू. फ्रान्स देशाच्या दक्षिणेला आर्ल नावाचं गाव आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा प्रसिद्ध चित्रकार १८८८ साली तिथे राहायला गेला आणि तिथेच त्याने सूर्यफुलांची चित्रं काढली. जगात त्याचं नाव झालं ते मेल्यावर. फेथबाईंच्या चित्रात आर्लच्या सूर्यफुलांच्या शेतात काळ्या बाया एक मोठी गोधडी धरून बसल्या आहेत. गोधडीवरही सूर्यफुलंच आहेत. एका बाजूला व्हॅन गॉग फुलांचं भांडं घेऊन उभा आहे. बाया मात्र आपल्या कामात आहेत.

या बाया कोण? सगळ्या अमेरिकेच्या इतिहासातल्या खऱ्या बाया आहेत. आयुष्यात त्या अशा एकत्र कधी बसल्या नाहीत; काहींचे तर काळही वेगळे. फेथबाईंनी त्यांना एका गोधडीभोवती आणून बसवलं. मॅडम वॉकर, ज्या धुणी धुता धुता केसांच्या तेल-मलमाच्या धंद्यात शिरल्या आणि मोठ्या उद्योजक झाल्या. हॅरिएट टबमन, ज्या गुलामगिरीतून पळाल्या आणि इतरांना सोडवायला पुन्हा पुन्हा माघारी गेल्या. आयडा वेल्स, ज्यांनी जमावाने काळ्या माणसांना ठार मारण्याविरुद्ध वर्तमानपत्रांतून लिहिलं. मेरी बेथ्यून, ज्यांनी १९०४ साली काळ्या मुलींसाठी शाळा काढली. एला बेकर, ज्यांनी गावोगाव माणसं जोडून संघटना उभ्या केल्या. फॅनी लू हॅमर, कापसाच्या मळ्यात राबणाऱ्या. १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या म्हणून मळ्यावरच्या घरातून त्यांना बाहेर काढलं गेलं. रोझा पार्क्स, ज्यांनी १९५५ साली बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला. त्या शिवणकाम करून पोट भरायच्या हे फार कमी लोक सांगतात.

आणि आठव्या सोजर्नर ट्रुथ. यांच्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण त्यांची गोष्ट आजच्या विषयाला नेमकी लागू पडते. सोजर्नर ट्रुथ गुलाम म्हणून जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण वक्त्या अशा की सभा गप्प व्हायची. गावोगाव फिरून भाषणं देताना पोट कसं भरायचं? त्यांनी आपला फोटो काढून घेतला, त्याच्या छोट्या कार्डांवर प्रती काढल्या आणि त्या विकल्या. इथवर कुणीही केलं असतं. पण १८६४ साली त्यांनी त्या फोटोंचा छापण्याचा हक्क स्वतःच्या नावावर नोंदवला आणि तसं कार्डावर छापून घेतलं. ज्या बाईला एके काळी विकलं गेलं होतं, तिने ठरवलं की आता माझं चित्र विकलं जाईल ते माझ्या नावाने आणि पैसे येतील ते माझ्याकडे. अक्षर येत नव्हतं, तरी नावाची किंमत कळत होती.

फेथबाईंनी ही सूर्यफुलांची गोष्ट १९९१ साली आधी गोधडीवर केली. कॅनव्हासवर रंग आणि भोवती खऱ्या कापडाचा काठ. अशी गोधडी जगात एकच. पाच वर्षांनी त्याच विषयाचं छापचित्र आलं. ते रंगीत लिथोग्राफ आहे. लिथोग्राफ म्हणजे शिळाछाप. हा शब्द आपल्याला परका नाही. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या शिळाप्रेसवरच छापल्या जात. कुणाच्या देवघरात असेल तर बघा, अक्षर खिळ्यांचं नसतं, हाताने लिहिल्यासारखं दिसतं.

ही पद्धत जर्मनीत १७९६ च्या सुमाराला निघाली. तिचं सगळं गुपित एवढंच की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही. चुनखडीचा एक सपाट, गुळगुळीत घासलेला दगड घेतात. त्यावर तेलकट खडूने चित्र काढतात. मग डिंक आणि थोडं आम्ल लावून ते पक्कं करतात. दगड पाण्याने ओला करतात. जिथे चित्र आहे तिथे पाणी ठरत नाही, बाकी सगळीकडे ठरतं. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला चिकटते, ओल्या जागी चिकटत नाही. वर कागद ठेवून दाब दिला की छाप उमटते. चित्र उलटं उमटतं, म्हणून दगडावर काढतानाच ते उलटं काढावं लागतं. आणि एका दगडावरून एकच रंग. लाल, पिवळा, निळा, हिरवा हवा तर चार दगड आणि त्याच कागदावर चार वेळा छपाई. कागद केसभर सरकला तरी प्रत वाया. आता दगडाऐवजी बऱ्याचदा धातूचे पत्रे वापरतात, पण युक्ती तीच.

फेथबाईंनी दुसरी एक पद्धतही वापरली, ती तुम्ही गावातच पाहिली असेल. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या जिच्यावर छापतात ती स्क्रीन प्रिंटिंग. त्यांची ‘टार बीच’ नावाची प्रसिद्ध गोधडी आहे. तिच्यात आठ वर्षांची कॅसी उन्हाळ्याच्या रात्री इमारतीच्या डांबरी गच्चीवर पडलेली असते आणि मनाने शहरातल्या मोठ्या पुलावरून उडते. तो पूल बांधायला तिचा बाप राबलेला असतो, पण काळा म्हणून त्याला कामगार संघटनेत घेत नसतात. कॅसी म्हणते त्या अर्थाने, ज्यावरून आपण उडालो ते आपलं झालं. १९९० साली फिलाडेल्फिया शहरातल्या कापड-छपाईच्या एका कार्यशाळेत फेथबाईंनी याच विषयाचं दुसरं काम केलं. चित्र रेशमी कापडावर स्क्रीनने छापलं आणि भोवती काठ लावून त्याची गोधडी शिवली. म्हणजे छापही आणि गोधडीही.

आता मूळ प्रश्न. कॅलेंडर आणि हे चित्र यांत फरक काय?

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. पद्धत शिळाछापच होती, पण किती प्रती काढायच्या याला मर्यादा नव्हती. जितकी मागणी तितकी छपाई. ज्या घरात तैलचित्र येणं स्वप्नातही शक्य नव्हतं तिथे देवीचं चित्र आलं, हे मोठंच काम झालं. कॅलेंडरही त्याच वाटेचं.

मर्यादित आवृत्तीची वाट निराळी. तिथे छपाईच्या आधीच ठरतं, समजा, शंभर प्रती. शंभर छापून झाल्या की दगड घासून कोरा करतात, किंवा पत्र्यावर रेघोट्या मारून तो निकामी करतात. एकशे एकावी प्रत निघू शकत नाही. मग कलावंत प्रत्येक प्रत हातात घेऊन बघते. नापसंत असेल ती बाद. पसंत असेल तिच्यावर चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलीने सही आणि आकडा.

समजा आकडा आहे पंचेचाळीस बटा शंभर. खालचे शंभर म्हणजे एकूण प्रती. वरचे पंचेचाळीस म्हणजे ही त्यातली पंचेचाळिसावी. पहिला नंबर म्हणजे जास्त चांगली प्रत, असं काही नाही; छापण्याचा क्रम आणि आकडा घालण्याचा क्रम एकच असेल असंही नाही. या आकड्यांच्या बाहेर थोड्या प्रती असतात, त्या कलावंताच्या स्वतःच्या. त्यांवर इंग्रजीत ‘ए. पी.’ अशी अक्षरं असतात. एखादी प्रत छापणाऱ्या कारागिरालाही मिळते. चांगल्या छापखान्याचा स्वतःचा छोटा शिक्काही कागदाच्या कोपऱ्यात बिनशाईचा, नुसता दाबून उठवलेला असतो. म्हणजे छापणाऱ्या हातांचीही तिथे नोंद राहते. मला ही रीत आवडते.

पेन्सिल का, शाई का नाही? पेन्सिलीचा शिसा कागदाच्या अंगात बसतो आणि शाईसारखा उन्हाने उडत नाही. शिवाय कागद तिरका धरून पाहिला तर पेन्सिलीची चकाकी आणि दाबलेली खूण दिसते. सहीचा फोटो काढून छापला तर ती खूण येत नाही. म्हणून खरी सही आणि छापलेली सही ओळखता येते. मूळ चित्राच्या आतच रंगात कलावंताचं नाव असेल तर तेही छपाईत आपोआप येतं. त्याला सही केलेली प्रत म्हणत नाहीत. सही म्हणजे त्या एका कागदावर त्या माणसाचा हात फिरला, याची खूण.

आता यातलं वाईटही सांगायला हवं. जिथे सहीला पैसे मिळतात तिथे लबाडी येते. साल्वादोर दाली नावाचा स्पेनचा जगप्रसिद्ध चित्रकार होता. त्याने म्हातारपणी हजारो कोऱ्या कागदांवर आधीच सह्या करून दिल्या. १९७४ साली फ्रान्सच्या जकात अधिकाऱ्यांना असे सही केलेले कोरे कागद भरलेली गाडीच सापडली. त्या कागदांवर पुढे काय छापलं जाणार होतं, कोण छापणार होतं, किती छापणार होतं? सही खरी, पण तिच्यामागचा शब्द खोटा. आजही दालीच्या नावाचं छापचित्र घेताना जाणकार दहा वेळा विचार करतात. कोऱ्या कागदावर सही करू नका असं आपण गटात एकमेकींना सांगतो ना, ते उगाच नाही. कोऱ्या कागदाने जगातल्या मोठ्या चित्रकाराचंही नाव घालवलं.

अशा फसवणुकीमुळे अमेरिकेत कायदे झाले. कॅलिफोर्निया राज्याने १९७० साली पहिल्यांदा असा कायदा केला. छापचित्र विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला लेखी सांगायचं: कलावंत कोण, कोणत्या साली छापलं, कोणत्या पद्धतीने, एकूण प्रती किती, सही कलावंताच्या हातची आहे का, आणि दगड किंवा पत्रा नष्ट केला की अजून आहे. हे खोटं निघालं तर पैसे परत मागता येतात.

म्हणजे बघा, त्या कागदाची किंमत कशात आहे? चांगल्या चित्रात आहेच. पण त्यावर जी जास्तीची किंमत चढते ती एका शब्दामुळे. ‘मी एवढ्याच प्रती काढल्या, प्रत्येक माझ्या डोळ्यांखालून गेली, आणि यापुढे काढणार नाही.’ सही म्हणजे त्या शब्दाची पावती. शब्द पाळला तर कागद मोलाचा. मोडला तर रद्दी.

आणि असं छापचित्र परवडतं कुणाला? गोधडी एकच; ती संग्रहालयात किंवा फार मोठ्या श्रीमंताकडे जाते. छापचित्रं अनेक. एखादी शाळा, वाचनालय, गावातलं लहान संग्रहालय किंवा पैसे साठवणारी शिक्षिका यांतली एक प्रत घेऊ शकते. स्वस्त नव्हेच, पण आवाक्याबाहेरचंही नव्हे. त्यामुळे त्या आठ बाया गोधडी घेऊन एका भिंतीऐवजी अनेक भिंतींवर जाऊन बसल्या. कागदावर कापडाचा स्पर्श नाही, टाक्यांचे उंचवटे बोटाला लागत नाहीत. हे उणं आहे, ते आहेच. पण चेहरे आणि गोष्ट दूरवर गेली, आणि प्रत्येक ठिकाणी खाली नाव गेलं: फेथ रिंगगोल्ड.

२०२२ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. तेव्हा त्या एक्याण्णव वर्षांच्या होत्या. एप्रिल २०२४ मध्ये त्या गेल्या. आता त्यांच्या हातची नवी सही होणार नाही. जितक्या झाल्या तितक्याच.

मैत्रिणींनो, हे चित्र आपल्यापैकी कुणी विकत घ्यायला जाणार नाही, हे मलाही माहीत आहे. मग एवढं का सांगितलं? आमच्या घरात एक वाकळ आहे. मोठी, जड, थंडीत तिच्याशिवाय कुणाला झोप येत नाही. कोपऱ्यापासून आत आत जाणारे टाके इतके सारखे की दोरी धरून घातल्यासारखे. ती कुणी शिवली असं विचारलं की घरातल्या तीन जणी तीन नावं सांगतात. एक म्हणते थोरल्या आजीने, दुसरी म्हणते तिच्या जावेने, तिसरी म्हणते माहेरहून आली. शिवणारी कुणीही असो, तिने महिनाभर दुपारच्या झोपा मोडल्या असणार. आणि तिचं नाव आमच्याच घरातून, दोन पिढ्यांत गेलं. कुणी मालक नव्हता, कुणी हिसकावलं नाही. आम्हीच विचारलं नाही आणि तिला लिहावंसं वाटलं नाही.

तेव्हा एक काम सांगते, पैसे लागत नाहीत. घरात जुनी गोधडी, वाकळ, दुपटं असेल तर अजून सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या, कुणी शिवलं, कोणत्या साली, कुणाच्या लुगड्यांचं. मागच्या बाजूला कोपऱ्यात दोऱ्याने नाव घाला. आणि ज्या जणी गोधड्या, पिशव्या, तोरणं करून विकतात त्यांनी प्रत्येक वस्तूवर छोटीशी पट्टी शिवावी. त्यावर नाव, गाव, साल. एखाद्या नमुन्याचे वीसच नग करणार असाल तर तसं लिहा, आकडा घाला आणि मग एकविसावा करू नका, व्यापाऱ्याने कितीही आग्रह केला तरी. त्यात आपली पत आहे. व्यापारी म्हणाला की तुमची पट्टी काढा, माझी लावतो, तर भाव ठरवताना हे लक्षात ठेवा की तो नुसती गोधडी मागत नाही, नावही मागतो आहे. द्यायचं की नाही ते गटात बसून ठरवा. पण फुकट देऊ नका.

टाके सगळ्यांचे सारखे दिसतील. सही सारखी दिसत नाही. ती गिरवायला आपण किती वह्या भरल्या ते आठवा, आणि आता ती रजिस्टराच्या बाहेरही करा.

पुढच्या बैठकीत एकेक जुनी गोधडी घेऊन या. नाव लागलं की नाही, ते एकमेकींना दाखवा.